घासूनपुसून दिलेल्या बरण्या

माझे सासरे जन्मभर एका औषधाच्या दुकानात कंपाउंडर होते. मालकांना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी दुकानातल्या काचेच्या बरण्या आणि औषध कुटायचा चिनीमातीचा खल मामंजींच्या हवाली केला. जुन्या औषधोपचारांच्या वस्तूंचं संग्रहालय ते मागतंय म्हटल्यावर मामंजी हरखून गेले. मालकांचं नाव राहणार होतं!

संग्रहालयातल्या बाई यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मोरीत ठाण मांडलं. राख, लिंबू, तारेची घासणी. त्यांनी धुतलेली बाटली उजेडात धरली तर डाग सापडायचा नाही, असा दुकानात त्यांचा लौकिक. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "मालकांच्या वस्तू कळकट देऊ होय?"

बाई आल्या. टेबलावर बरण्या लखलखत होत्या. त्यांनी एक उचलली, फिरवून पाहिली.

"हिच्यावर चिठ्ठी होती ना? तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसत होती."

"होती की! मालकांच्या हातची. डिंक एवढा चिवट, रात्रभर भिजत घातली तेव्हा सुटली."

"आणि तळाशी सुकलेलं औषध?"

"खरवडलं सगळं," मामंजी कौतुकाने म्हणाले.

बाईंनी बरणी खाली ठेवली. "काका, आम्हाला तेच हवं होतं हो. कोऱ्या बरण्या आमच्याकडे ढीगभर आहेत."

मामंजींचे कान लाल झाले. लिंबाने सोललेली बोटं त्यांनी पाठीमागे लपवली. "म्हणजे मालकांचं अक्षर मीच धुतलं," एवढंच पुटपुटले.

"घरात कधी कप विसळला नाही," सासूबाई आतून कडाडल्या, "आणि घासायला बसले ते नेमकं हे!" पण बाहेर आल्या त्या खल घेऊन. "हा बघा. डाग निघेनात म्हणून यांनी माळ्यावर दडवला होता."

"अगं, तो नको! अब्रू घालवशील!"

खलाचा काठ टवकलेला, आत पिवळे-काळे थर. बाईंनी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत घेतला. "याला आता कुणी पाणी लावू नका."

आता तो संग्रहालयात काचेमागे आहे. शेजारच्या पाटीवर मालकांचं नाव. उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. मामंजी पाटी वाचून आले नि काचेला पाठ लावून उभे राहिले, ते हलेचनात.

"मामंजी, जरा बाजूला व्हा ना," मी हळूच म्हटलं. "लोकांना खल दिसत नाहीये."

"म्हणूनच उभा आहे," ते मान खाली घालून म्हणाले. "पाटी दिसतेय ना? बास."