जावेला विचारलेले प्रश्न

माझ्या धाकट्या जावेला मनाचा आजार आहे. तिला गोळ्या मी देते, न्हाऊ मी घालते. घाटकोपरच्या आमच्या खोलीत दर महिन्याला एक मुलगी येते, अशा आजारांचा अभ्यास करणारी. ती जावेजवळ बसून मायेने विचारते, "झोप लागते का? जेवण जातं का? रडू येतं का?" मी चहा उकळत ऐकते आणि आतून जळते. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, मला असं कुणी विचारलं नाही. तिच्याआधी मीच मनात उत्तरं देऊन टाकते.

परवा मुलगी म्हणाली, "काकू, आता तुम्ही बसा. सांभाळणाऱ्यांसाठीही प्रश्न आहेत."

इतके महिने वाट पाहिली होती, आणि सवयीने तोंडातून निघालं, "माझं काय, सगळं बरं आहे."

ती कागद आवरायला लागली. तेवढ्यात जाऊ भिंतीकडे बघतच म्हणाली, "वहिनी थापा मारते. मोरीत नळ सोडून रडते. लिही ना."

मुलीने पेन पुन्हा उघडलं. मला जावेचा आणखीच हेवा वाटला. माझं दुःखसुद्धा तीच सांगून मोकळी झाली. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.