फुलोरा मी तळला नव्हता

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. हिच्या पोटात तीळ भिजत नाही, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगतात आणि मी हसते. एक तीळ नऊ वर्षं तसाच कोरडा पडून आहे, हे त्यांना कुठं माहीत?

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही जिंतूरचे नाही, माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही, आणि मनीषाला तुम्ही ओळखत नाही – म्हणून असेल. दुसरं कारण शोधायला गेले तर पुन्हा गप्प बसेन.

मी घरी केक करते. फार मोठं काही नाही. ओट्यावर एक ओव्हन, फ्रीजमध्ये क्रीमचे डबे, आणि सणासुदीला दाराशी चपलांची रांग. पोळा झाला की आमचा सीझन लागतो. गणपतीला मोदकाच्या आकाराचे केक, दसऱ्याला नानकटाई, दिवाळीला बिस्किटांचे डबे, डिसेंबरात मनुक्यांचे केक. तेवढे महिने घरची माणसं वरणभातावर काढतात. हे शाळेत शिकवतात. त्यांच्या शर्टाला व्हॅनिलाचा वास येतो म्हणून पोरं खुसखुसतात. सगळ्यांना वाटतं, या दिवसांत मी खुशीत असते. खरं सांगू? भाद्रपद लागला की मला दिवस मोजवत नाहीत. दाराची बेल वाजली तरी आधी खिडकीतून बघते. कोणीतरी येऊन विचारेल असं वाटतं – आणि काय विचारेल, तेही मला पाठ आहे.

आमच्या शेजारी सरूकाकू राहायच्या. त्यांच्याकडे उभ्या महालक्ष्म्या. शाडूचे दोन मुखवटे, काकूंच्या आजेसासूच्या वेळचे, इतके देखणे की सांजवातेला त्यांच्याकडे बघताना आपणच पदर सावरावा. आणि त्यांच्या डोक्यावर मांडवीला टांगलेला फुलोरा. करंज्या, पुऱ्या, देवीची वेणी, देवीची फणी – सगळं पिठाचं, तळलेलं, दोऱ्यात ओवलेलं. हा फुलोरा काकू स्वतः करायच्या, आणि त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात माशीसुद्धा विचारून शिरायची.

त्या वर्षी काकूंचं उजवं मनगट मोडलं. त्यांची सून मनीषा एकटी – सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णींची पानं. फुलोऱ्याला हात कुणाचा? काकू प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्याकडे आल्या.

"तुझा हात लय चांगला हाय. घरचंच समज. न्हाऊन, सोवळ्यात तळ, बाकी काय लागत न्हाई," म्हणाल्या. मागोमाग त्यांची पितळी कढई आली, तुपाचा डबा आला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या कढईला काकूंनी कधी सुनेचा हात लागू दिला नव्हता.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते आणि येत नाही, हे माझं मलाही कळतंय.

फुलोऱ्याचं पीठ घट्ट भिजवायचं असतं. मोहन नावापुरतं. तळून तो दगडासारखा व्हायला हवा, कारण त्याला तीन दिवस दोऱ्यावर लटकायचं असतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. दरवर्षी प्रसादाची करंजी चहात बुडवून, दातांची परीक्षा घेत मीच खात होते. पण त्या दिवशी मोदक-केकांची गर्दी होती, आणि डोक्यात हवा होती. मला वाटलं, माझ्यासारखीनं करावा आणि तो कुणाच्या दातांखाली फुटू नये? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना – मी तुपाचं मोहन सढळ हातानं घातलं. आणि मी तो तळला नाही. ओव्हनमध्ये भाजला. केकांच्या मधल्या वेळात, एका बाजूला क्रीम फेटता फेटता. ज्या ट्रेमध्ये आदल्या दिवशी अंड्याचा केक झाला होता, त्याच ट्रेमध्ये. ट्रे धुतलेला होता, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

वरून तुपाचा हात फिरवला. सोनेरी दिसायला लागला. काकूंची नजर तशीही अधू झाली होती.

मग मी कढई घेतली. तिच्यात चमचाभर तूप घालून धूर येईपर्यंत तापवलं, तळाला डाग पडू दिला, आणि अर्धवट पुसून ती काकूंकडे परत पाठवली. तिच्यात तळल्यासारखं दिसावं म्हणून. ओव्हनला एक वेळ चूक म्हणता येईल – गडबडीत झालं, कळलं नाही. पण कढई? ती मी गॅससमोर उभी राहून, शांतपणे काळी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवाष्णींची पंगत बसली. मी देवीच्या समोरच्याच पाटावर होते. पुरणपोळीवर तूप पडत होतं, आणि वर बारीकसा आवाज झाला – बिस्किट मोडल्यावर होतो तसा. तो आवाज पंगतीत फक्त मलाच ओळखू आला. मधली करंजी दोऱ्याच्या भोकापाशी तुटली. ओळ सैल झाली, खाली आली, धाकट्या महालक्ष्मीच्या मुकुटात अडकली, आणि त्या ओढीनं मुखवटा पुढे कलला. पाटावर आपटला. नाक गेलं, एका गालाचा टवका उडाला.

बायका हातातला घास तसाच धरून बसल्या. खंडित झालेली देवी – आणि तीही भर जेवणाच्या दिवशी.

सगळ्यांत आधी मी उठले. फुलोऱ्याचे तुकडे पदरात गोळा केले, भराभर. आतून ते पांढरे, भुसभुशीत होते. तळलेल्याचे तुकडे असे नसतात, हे कुठल्याही बाईनं पाहताक्षणी ओळखलं असतं. सगळ्यांना वाटलं, मी मदत करतेय. काकूंनी तर तसल्या अवस्थेतही माझ्याकडे मायेनं पाहिलं. मग त्या सुनेकडे वळल्या.

"दोरा कुणी बांधला?"

"मीच, आत्याबाई."

"सोवळ्यात व्हतीस का गं?"

"व्हय, आत्याबाई."

एवढंच बोलणं झालं. आणि त्याच संध्याकाळी मनीषाला पाळी आली. चार दिवस आधी. मागच्या दारी माझा हात धरून ती रडली – "ताई, देवीची आन, दुपारी काय सुद्धा नव्हतं हो." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पदराला तेव्हा तुकड्यांचा चुरा चिकटलेला होता. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? विटाळात देवीला हात लावला आणि लपवलं, असं गल्लीत झालं. दुसऱ्या दिवशी मोदक-केक न्यायला आलेल्या बायकाही माझ्या ओट्याशी उभ्या राहून तेच बोलल्या. मी मान हलवली. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

मी का बोलले नाही? अंड्याच्या ट्रेमधला फुलोरा कळला असता, तर गावातल्या एकाही देवघरात माझा डबा गेला नसता. ही भीती होती. काकूंच्या डोळ्यांची भीती होती. आज नको, उद्या सांगू – असं करत गणपती उठले, दसरा झाला. कार्तिकात सरूकाकूंचे यजमान मोरीत पाय घसरून पडले आणि परभणीला नेईपर्यंत गेले. मग तर सगळंच मनीषाच्या माथी आलं. तिच्या हातानं घर बसलं, असं काकू उघड बोलायला लागल्या. त्यानंतर कसं सांगायचं होतं? आणि मला रात्रंदिवस दुसरीच भीती – देवीचा कोप खरा असला, तर तो पत्ता चुकून शेजारी गेलाय. एक दिवस बरोबर दारी येईल.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या धाकट्या मुलाकडे परभणीला गेल्या, नवे मुखवटे आणून. काकूही गेल्या. अजून आहेत, ऐंशीच्या पुढे. एसटीनं दीड तासाचा रस्ता. नऊ वर्षांत मी दोनदा स्टँडवर जाऊन परत आले. मनीषा दरवर्षी सणाला तिथं जाते आणि बाहेरच्या खोलीत बसून भाज्या चिरते. देवीपुढं तिला बोलावत नाहीत. एकदा मी पोखर्णीला नरसिंहापुढं हात जोडले, मनातल्या मनात तरी सांगून टाकू म्हणून. तिथंही फक्त घरच्यांना सुखी ठेव म्हणाले.

मनीषाला मी माझ्याकडे कामाला घेतलं. गावानं माझी वाहवा केली – एवढं होऊनही पदरात घेतलं हो! तुम्हीही चांगलंच समजाल, म्हणून सांगते: तिला काही संशय आलाय का, हे डोळ्यांसमोर राहावं म्हणून घेतलं. तिला कधीच आला नाही. आज क्रीमची फुलं ती माझ्याहून सुबक काढते. मला ताई म्हणते, आजारपणात माझे पाय चेपते.

गेल्या माघात माझ्या लेकीचं, ऋतुजाचं डोहाळजेवण केलं. केक मनीषाचाच – त्यावर साखरेचा पाळणा, पाळण्यात इवलंसं बाळ. सगळ्या बायका हरखल्या. ओटी भरायची वेळ झाली, आणि मी पाहिलं तर मनीषा फ्रीजच्या आडोशाला उभी. मी जवळ गेले.

"माझा हात नको, ताई," ती हळूच म्हणाली. "लेकरू पोटात हाय. माझ्या हाताचं तुमाला ठाऊकच हाय की."

मला ठाऊक होतं. साऱ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. आणि मी काय केलं असेल? मी "बरं" म्हणाले. तिच्यासाठी ठेवलेला नारळ पुढच्या बाईच्या हातात दिला. आणि मला हायसं वाटलं. आग्रह केला तर बोलावं लागेल, एवढ्याचसाठी नाही. ऋतुजाच्या पोटाकडे पाहताना क्षणभर मला मनीषाच्या हाताची खरंच भीती वाटली. खोटं मी रचलं, कढई मी काळी केली – आणि नऊ वर्षांनी त्याच खोट्याला मीच घाबरले.

नात सुखरूप झाली. चार महिन्यांची आहे, आमच्याकडेच आहे. मनीषा दारात उभी राहून तिच्याशी बोलते, टाळ्या वाजवते. बाळ तिच्याकडे झेप घेतं तेव्हा ती हात पाठीमागे नेते. पाळण्याला अजून तिनं शिवलेलं नाही. घे गं, असं मी एकदाही म्हटलेलं नाही.

परवा पोळा झाला. उद्या सकाळी दहाला मनीषा कामाला येईल. आल्याबरोबर हात धुते – साबण लावून, दोनदा. मी ओट्याशी पीठ चाळत असते, आणि नळ बंद होईपर्यंत मान वर करत नाही.