जॅकसर आणि रेडिएटरचं झाकण

त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणारा माणूस वेगळा होता आणि गाडीवर बोलणारा वेगळा. शिकाऊ मंडळींना रस्त्यावर नेणं, क्लचचे धक्के खाणं, समोरून बस आली की स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबणं ही सगळी कामं करणाऱ्याला कोणी सर म्हणत नसे. सर मागच्या खोलीत बसत. खोलीत पंखा एकच, आणि तो सरांच्या डोक्यावर.

सरांचा विषय होता, ‘रस्त्यात गाडी बंद पडली तर’. या विषयावर ते गेली कित्येक वर्षं बोलत आले होते. टेबलावर जॅक, पान्हे, लाल त्रिकोण, बॅटरी जोडायच्या वायरी असा सगळा बाजार मांडलेला असे. बोलताना हातात जॅक लागायचाच, म्हणून पोरांनी त्यांना जॅकसर केलं. टेबलाशेजारी लोखंडी घोडीवर एक चाक बसवलेलं होतं. सर त्याच्या नटाला पान्हा लावत, पान्ह्यावर पाय देत, तोंडाने ‘हंऽऽ’ असा आवाज काढत आणि नट सुटला की रुमालाने कपाळ पुसत. खरं तर तो नट इतक्या वेळा सुटला होता की शिंक आली तरी निघाला असता.

एकदा वर्गातल्या एका दातांच्या डॉक्टरणीने विचारलं, “सर, नट गंजला असेल आणि हलतच नसेल तर?”

“डॉक्टरबाई,” सर म्हणाले, “तुम्ही दात काढा. नट काढायला आम्ही आहोत.”

वर्ग खो खो हसला. बाईंनी दात काढले नाहीत. त्या गाडीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाल्या, तेव्हा सरांनी हा किस्सा शेपूट लावून वर्षभर प्रत्येक वर्गाला ऐकवला.

सरांची स्वतःची गाडी जुनी होती, पण अंगावर ओरखडा नव्हता. आजवर एकदाही पंक्चर नाही, एकदाही रस्त्यात उभं राहणं नाही. याला नशीब म्हणतात. सर याला अभ्यास म्हणत. गॅरेजवाल्याने मागच्या सर्व्हिसिंगला बॉनेटमध्ये बोट घालून सांगितलं होतं, “सर, हा रेडिएटरचा पाइप टोकाला फुगलाय, बदलून घ्या.” यावर सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ज्या माणसाने अर्ध्या गावाला रेडिएटर शिकवला त्याला हा रेडिएटर शिकवणार! पाइप तसाच राहिला.

घरी बायको होती. लग्नानंतर सुरुवातीला तिने एकदा, “मलाही शिकवा ना गाडी,” असं म्हणून पाहिलं होतं. “कशाला? मी आहे ना,” सर म्हणाले. या ‘मी आहे ना’वर त्या घरातली बरीच कामं अडून बसली होती. न्हाणीघराचा नळ त्यामुळेच गळत होता, आणि सरांनी स्वतः ठोकलेली फळी दोनदा खाली आली होती. तिसऱ्यांदा ती बायकोने ठोकली आणि ती टिकली, पण त्याची घरात वाच्यता नव्हती.

तर झालं असं, की बायकोची थोरली बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे सरांचे साडू, आठवडाभर राहायला आले. साडू आयुष्यभर टपाल खात्यात होते. गाडी त्यांना चालवता येत नव्हती, पण मत देता येत होतं. आठ दिवस दोघांनी एकमेकांना सहन केलं. परतीच्या दिवशी सरांनी अंघोळ करतानाच शीळ घातली. सामान चढवायला डिकी उघडली, त्यात बॅगा कोंबल्या, साडूंची पाण्याची मोठी कॅन कोंबली, आणि जॅक, पान्हे, त्रिकोण असला काही अडथळाच आला नाही. तो सगळा ऐवज स्कूलच्या टेबलावर होता. लोकांना दाखवायच्या वस्तू घरच्या गाडीत ठेवून कसं चालेल?

स्टेशन शहराच्या पलीकडच्या टोकाला, मधे एक घाट. ऊन असं की डांबर चिकट झालेलं. गाडी घाटाच्या चढाला लागली तेव्हा सर रंगात आले होते.

“लोक गाडीकडे लक्षच देत नाहीत,” ते मागे वळून साडूंना सांगत होते. “गाडी आधी सांगते हो! आवाजाने सांगते, वासाने सांगते. माणूस बहिरा असतो.”

“अहो,” बायको म्हणाली, “तो काटा वर चाललाय.”

“काटा वर जातो, खाली येतो. काट्याचं कामच ते.”

“लाल रेघेला लागलाय.”

“तू बाहेर बघ. देखावा छान आहे.”

पुढच्या वळणावर देखावा दिसेनासा झाला. बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ निघाली आणि काचेवर पसरली. मागे मेहुणीने देवाला हाक मारली आणि साडूंनी घड्याळ पाहिलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. वळणावर गाडी कधीही उभी करायची नाही, हे ते वर्गात टेबल आपटून सांगत. त्यांनी गाडी उभी केली ती ऐन वळणावर. सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब न्यायचं, हेही ते सांगत. ते एकटेच उतरले, आणि बाकीची मंडळी आपोआप त्यांच्यामागे येऊन गाडीच्या तोंडाशी गोळा झाली. एक ट्रक कर्कश हॉर्न देत अंगावरून गेल्यासारखा गेला. त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून जे सांगितलं ते सरांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

सरांनी बॉनेट उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. आता काय करायचं ते सरांना झोपेतही पाठ होतं: काही करायचं नाही. गाडी थंड होऊ द्यायची. गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावणाऱ्यासाठी तर त्यांनी वर्गात एक खास शब्द राखून ठेवला होता, आणि तो शब्द गाढवाच्या जवळचा होता.

पण साडू शेजारी उभे होते.

“मग?” साडूंनी विचारलं. “नुसतं बघायचं?”

“थंड व्हायला हवी.”

“म्हणजे थांबायचं. हे तर मलाही जमलं असतं.” साडू घड्याळाशी चाळा करत म्हणाले. “आमची ट्रेन काही थंड व्हायला थांबत नाही. झाकण उघडून आत पाणी आहे की नाही ते तरी बघा. का गॅरेजवाल्याला विचारायला लागतं?”

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्षानुवर्षं जमवलेली अक्कल एका बाजूला आणि साडूंचा तो ‘का’ दुसऱ्या बाजूला. अक्कल हरली.

“अहो, नको,” बायको म्हणाली. “तुम्हीच तर सांगता...”

“मी आहे ना!” सर म्हणाले, साडूंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, झाकणावर टाकला आणि झाकण फिरवलं.

झाकण हातातून उडालं. उकळत्या पाण्याचा फवारा टॉवेल झुगारून वर आला आणि सरांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून काढला. चेहरा वाचला तो केवळ घाबरून मागे पडल्यामुळे. सर जे ओरडले ते ऐकून साडू पहिल्यांदाच दोन पावलं मागे झाले.

एवढ्यात खालून एक पांढरी गाडी आली. ती वळणाच्या बरीच अलीकडे, कडेला उभी राहिली. तिचे चारही दिवे लुकलुकू लागले. एक उंच बाई उतरली, डिकीतून लाल त्रिकोण काढला, रस्त्यावर मांडला आणि मग शांतपणे चालत वर आली. सरांनी तिला ओळखलं आणि हात भाजलेला असतानाही त्यांना तोंड लपवावंसं वाटलं. दातांची डॉक्टरीण.

“सगळे कठड्याच्या पलीकडे व्हा,” ती म्हणाली. “आधी तिकडे. मग बोलू. सर, अंगठी आणि घड्याळ काढा. पाणी आहे का कोणाकडे?”

बायकोने डिकीतून कॅन ओढून काढली. डॉक्टरणीने सरांना दगडावर बसवलं आणि हातावर पाण्याची बारीक धार धरली. तेवढ्यात साडू बॅगेत खुडबुड करून टूथपेस्ट घेऊन आले.

“हे लावा. थंड वाटतं.”

“ती दातांना लावायची असते,” डॉक्टरीण वर न बघता म्हणाली. “मी त्यातलीच आहे. ठेवून द्या.”

हे ऐकून सरांना त्या वेदनेतही थोडं बरं वाटलं.

ती बराच वेळ पाणी घालत राहिली. स्वतःच्या गाडीतली कॅनही तिने आणवली. मग बायकोच्या हातात धार देऊन ती उठली आणि बॉनेटपाशी गेली. कशालाच तिने हात लावला नाही. आधी पाइपाजवळ हात नेऊन धग पाहिली, परत आली, थांबली, पुन्हा पाहिली. सर्वांना वाटलं, बाई काहीच करत नाही. ती तेच करत होती. इंजिन हात टेकवण्याइतकं निवल्यावर तिने पेचकस आणि चाकू काढला.

“वरचा पाइप टोकाला फाटलाय. फाटका तुकडा कापून उरलेला पुन्हा बसतोय. लांबी पुरेल.”

“क्लिप आधी मागे सरकवा!” दगडावरून सर ओरडले. “आणि स्क्रू उजवीकडे!”

“सरकवली, सर. तुम्ही हात पाण्याखाली ठेवा.”

“फार आवळू नका, नाहीतर पाइप...”

“कापला जातो. तुम्हीच सांगितलंय.” तिने क्लिप आवळली आणि हात पुसले. “सर, तुम्ही सांगितलेलं सगळं खरं निघालं. मला वाटायचं निम्म्या थापा असतील.”

सरांना याचा आनंद मानावा की अपमान, ते ठरेना. सवयीने त्यांनी आनंद मानला. आणि त्यांच्या बायकोने धार जरा जोरात धरली.

रेडिएटरमध्ये पाणी भरलं, उडालेलं झाकण शोधून बसवलं, गाडी चालू करून पाहिली, पाइप गळला नाही. आता चालवणार कोण? सरांचा उजवा हात ओल्या कापडात गुंडाळलेला. साडूंना मत देता येत होतं. मेहुणीचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी एकाच वेळी सरांच्या बायकोकडे पाहिलं, आणि तिने नवऱ्याकडे. त्या नजरेत बरंच काही होतं. सरांनी समोरच्या डोंगराकडे बघितलं.

शेवटी डॉक्टरणीचा नवरा, जो आतापर्यंत गाडीत बसून पेपर वाचत होता, सर, साडू आणि मेहुणी यांना घेऊन हॉस्पिटलकडे निघाला. डॉक्टरीण सरांची गाडी घेऊन गॅरेजला निघाली. शेजारी सरांची बायको. इंजिनाची उष्णता बाहेर खेचायला गाडीतला हीटर पूर्ण चालू करावा लागला होता, त्यामुळे भर उन्हात दोघींच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या.

थोड्या वेळाने बायकोने विचारलं, “अवघड असतं का हो हे?”

“गाडी चालवणं? नाही.”

“मग हे तर म्हणतात...”

“सर बोलतात तितकं अवघड नाही,” डॉक्टरीण म्हणाली आणि गिअर बदलला.

ट्रेन अर्थातच गेली. पुढच्या आरक्षणाला आठवडा होता. साडू परत आले, सरांच्या आरामखुर्चीत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला भाजण्याची हकीकत पहिल्यापासून सांगू लागले. त्यात ‘मी यांना थांबा म्हणालो’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी आलं आणि मग गेलं नाही. सरांना डाव्या हाताने चहा पीत ते ऐकावं लागे. भाजण्यापेक्षा हेच जास्त झोंबलं, असं ते नंतर कबूल करत. अर्थात साडू गेल्यावर.

स्कूलमध्ये सर पट्टी बांधून हजर झाले. वर्गात म्हणाले, “एक गृहस्थ होते. चांगले शिकलेसवरलेले. पण नातेवाइकाच्या नादी लागून त्यांनी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं.” पट्टीचा हात त्यांनी टेबलाखाली धरला होता.

“त्यांना लागलं का हो फार?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

सरांनी मान वर केली. बाकावर त्यांची बायको बसली होती. आदल्या दिवशीच स्कूलच्या मालकांकडे जाऊन तिने नाव घातलं होतं. “रस्त्यावर शिकवायला ते दुसरे द्या,” असं तिने बजावलं होतं, पण या वर्गाला एकच मास्तर असल्यामुळे तिचा नाइलाज होता.

“बऱ्यापैकी लागलं,” सर पुटपुटले.

“गाढवच म्हणायचे,” ती सहज म्हणाली. वर्ग हसला. सरांनी जॅक उचलला, डाव्या हातात नीट बसेना, खाली ठेवला आणि पुढचा धडा घेतला.

ती पहिल्याच खेपेला पास झाली. लायसन हातात आलं त्या आठवड्यात सरांना पट्टी सोडवायला हॉस्पिटलला तिनेच नेलं. गल्लीच्या तोंडाशी सर म्हणाले, “हॉर्न.” चौकात म्हणाले, “दुसरा गिअर.” पुलाच्या अलीकडे ते “ब्रेक, ब्रेक!” म्हणत डॅशबोर्ड धरून बसले, तेव्हा तिने आरशात मागे पाहिलं, इशारा दिला, गाडी कडेला सरळ जागी घेतली आणि उभी केली.

“काय झालं?” सर म्हणाले. “आवाज आला का कसला?”

“मागे बसा,” ती म्हणाली.

 मागून येणाऱ्या गाड्या बाजूने निघून जात होत्या. मग सरांनी डाव्या हाताने दार उघडलं, उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. ते पट्टा लावेपर्यंत तिने गाडी हलवली नाही.