ओळ झेलणारी

पुतण्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, गाणं लावलं आणि पहिल्याच ओळीला माझं डोकं सटकलं. ओळीची सुरुवात माझी होती, ती बरी होती. पण ती ओळ झेलणारा आवाज माझ्या जावेचा नव्हता. कुण्या तरण्या पोरीचा होता, गुळगुळीत, कुठं खरखर नाही की काही नाही. मी हेडफोन काढून टेबलावर आपटले. “तुझ्या आईला कुठं टाकलंस रे?” असं विचारलं, तर तो खाली मान घालून माऊस फिरवत बसला.

हा पुतण्या माझ्या त्याच धाकट्या जावेचा मुलगा. नव्या पेठेत एका मोबाइलच्या दुकानावर त्याची रेकॉर्डिंगची खोली आहे. जाहिराती, निवडणुकीची गाणी, असलं काहीबाही करतो. आम्ही दोघी जावांनी नव्या नवलाईच्या दिवसांत हळदीची गाणी म्हटली होती. त्यांची कॅसेट निघाली आणि पुढं कितीतरी वर्षं होटगीपासून बार्शीपर्यंत मांडवांत तीच वाजायची. मूळ टेप खराब झाली, म्हणून तीच गाणी आम्ही दोघींनी पुन्हा म्हणावीत आणि मोबाइलवर आणावीत, ही ह्याची हौस.

आमची गायची रीत अशी, की ओळ मी सांगायची आणि शेवटचे दोन शब्द तसेच सोडायचे. ते जावेनं झेलायचे, ओळ पुरी करायची. तेवढ्यात मी श्वास घ्यायची. मधे तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज जड झाला. वर चढेना. तरी ह्या वेळी बाई गायली. वेगळ्या माइकवर, घामाघूम होऊन, एकेक ओळ पुन्हा पुन्हा म्हणून तिनं सगळी गाणी पुरी केली. त्या सगळ्यावर ह्या पठ्ठ्यानं बोळा फिरवला होता.

मी त्याला नको नको ते बोलले. आईचा आवाज पुसताना हात कसा धजला, असंही विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, “मोठीआई, रविवारी आई ऐकायला येणार आहे. तोवर तिच्याशी काही बोलू नका.”

रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. आम्ही एकाच घरात राहतो, स्वयंपाकघर एक. दिवसभर ती समोर, आणि माझ्या तोंडाला कुलूप. ऑपरेशननंतर ती कितीतरी महिने कुणाशी धड बोलत नव्हती. ह्या गाण्यांच्या निमित्तानं कुठं पुन्हा गुणगुणायला लागली होती. आपल्याच लेकानं आपल्याला गाण्यातून काढलं हे कळलं, तर ही पुन्हा गायची नाही, हीच मला धास्ती. एकदा तिनंच विचारलं, “अक्का, ऐकलं म्हणं तुमी. कसं झालंय?” ती कानडी मुलखाच्या कडेच्या मैंदर्गीची, लग्न होऊन आली त्या दिवसापासून मला अक्काच म्हणते. मी म्हटलं, तुझं तू ऐक की. तिनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं.

रविवारी ती ठेवणीतलं इरकल नेसून निघाली. रिक्षात ही बाहेर बघत निवांत. खोलीत गेल्यावर पुतण्यानं गाणं मोठ्यानं लावलं. मी फक्त तिच्या हाताकडं बघत होते. मांडीवर तिची बोटं ताल धरून होती. मी ओळ सोडली, त्या पोरीनं झेलली. हिची बोटं थांबली नाहीत. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं, तरी थांबली नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, “तुला ठाऊक होतं?”

“मीच सांगितलं त्याला,” ती म्हणाली. “ती पोरगीबी मीच निवडली. माझा घसा गेला, अक्का. तुमचा अजून हाय. माझ्यापायी तुमची गाणी कशाला मरू द्यायची?”

मला राग आला, लई राग आला. एवढे दिवस मी हिच्यासाठी जळतेय आणि हिनं मला न विचारता स्वतःला पुसून टाकलं! मी पुतण्याला सांगितलं, हे काही बाहेर काढायचं नाही, ठेव तसंच तुझ्या कॉम्प्युटरमध्ये. तर जाऊ ताडकन उठली. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर आवाज चढवून कधी बोलली नव्हती.

“माझ्यासाठी थांबवलं म्हणू नका,” ती म्हणाली. “मला ते वझं नको.”

“तुझ्यासाठी नाही गं,” मी म्हटलं. “ओळ मी तुझ्या भरवशावर अर्धी सोडते. त्या पोरीच्या भरवशावर मला सोडता येत नाही.”

पुतण्यानं गाणं बंद केलं. ती गाणी अजून तिथंच पडून आहेत. मधूनमधून तो विचारतो, मी नको म्हणते.

त्या दिवशी घरी आल्यावर ती भाकरी करायला बसली. मी मागच्या दारात कपडे वाळत घालत होते. घालता घालता मी पहिल्या गाण्याची ओळ म्हटली आणि नेहमीच्या जागी सोडली.

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मी तिच्यापुरती जागा ठेवून श्वास घेतला, आणि ओला टॉवेल हातात धरून उभी राहिले.

मग भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.