फौंड्रीच्या मालकाचा चहा

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात वर्तमानपत्रापेक्षा कामगार संघटनेची पत्रकं जास्त असायची. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळे मी टीव्हीवर उद्योग-व्यापाराच्या बातम्या देणारी कोल्हापूरची वार्ताहर झाले, ते एक नियम घेऊनच: ज्याची बातमी करायची, त्याच्याकडचं पाणीही प्यायचं नाही. हा नियम कोल्हापुरात पाळणं काय असतं, ते पहिल्याच लाईव्हला कळलं.

लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या एका फौंड्रीनं दुसरी शिफ्ट बंद केली होती. माणसं घरी बसली होती. मालकांना कॅमेऱ्यासमोर जाब विचारायचा होता, बरोबर अकराला. मी अजून कच्ची होते. हे जमलं तर नोकरी पक्की होणार होती.

पावणेअकराला मालक म्हणाले, "चहा घ्या, ताई."

"नको."

"मग कॉफी?"

"नको. तत्त्व आहे माझं."

"तत्त्व ऱ्हाऊ द्या की. दूध घेता का?"

आमच्या कॅमेरामननं दुसरा कप संपवून बिस्किटांचा पुडा जवळ ओढला. मालकांचा चेहरा पडला. "माझ्या दारातनं कोण कोरड्या तोंडानं गेलं न्हाय. आधी चहा, मग मुलाखत," म्हणून ते वर निघून गेले.

मी तावातावानं गेटवर आले. काम गेलेले कामगार तिथं रोज येऊन बसायचे. मालक नाही तर नाही, कामगार बोलतील! त्यांनी ग्लास पुढं केला. श्रमिकांचा चहा! मी दोन घोटांत संपवला.

"बरा हाय न्हवं?" नेसरी गावचा एकजण म्हणाला. "मालकांच्यातनंच येतोय. काम बंद केलंय, चहा न्हाय बंद केला त्यांनी."

मालक वरच्या खिडकीतून बघत होते. ते हसतच खाली आले. "घेतला न्हवं? आता विचारा काय विचारायचं ते."

अकरा वाजले. मी विचारलं, दुसरी शिफ्ट कधी सुरू करणार?

"करतो की. सोमवारीसुद्धा करीन."

मागून नेसरीकर ओरडला, "व्हय मालक? कुठल्या सोमवारी?"

माझ्या कानात चॅनेलचं मुंबईचं डेस्क ओरडत होतं, "गुंतवणूकदारांचं विचारा!" मी कानातला इअरपीस काढला आणि माईक मागं वळवला.

"साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलंय," नेसरीकर म्हणाला. "तेवढा सोमवार सांगा."

मालकांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग गेटवरच्या सगळ्यांकडं. दिलदार म्हणवून घेणाऱ्या माणसाची फार पंचाईत असते. "ह्याच," ते म्हणाले. "निम्मी माणसं घेतो."

"आणि बाकीची?" मी विचारलं. तोवर स्टुडिओनं जाहिराती लावल्या होत्या.

संध्याकाळी डेस्कचा फोन आला. लाईव्हमध्ये इअरपीस काढणारीला पक्कं करता येत नाही, आणखी तीन महिने बघू.

सोमवारी मी कॅमेरा न घेताच गेटवर गेले. निम्मी माणसं खरोखरच आत गेली होती. नेसरीकर मात्र बाहेरच बसलेला.

"तुमचं झालं का पक्कं, ताई?"

"नाही."

त्यानं सरकून जागा केली. "मग बसा की हितं."