साक्रीहून जळगावच्या तारखेला

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत एक सतरंजी, दोन साड्या आणि विमलबाईच्या खटल्याचे कागद होते. कागद आहेत ना, हे मी मनमाडपासून चार वेळा पाहिलं होतं. माझा स्वभावच तसा. पुण्यातल्या आमच्या मोफत कायदा सहाय्य समितीत मला चेष्टेने ‘काळजीवाहू वकील’ म्हणतात.

या खेपेला मात्र काळजी फुकाची नव्हती. विमलबाई साक्रीकडची ऊसतोड कामगार. जळगाव जिल्ह्यात तोडीला आली असताना ट्रॉलीच्या फाळक्यात तिचा उजवा हात सापडला आणि तीन बोटं गेली. भरपाईसाठी आम्ही अर्ज केला. ठेकेदाराने उत्तर दिलं की ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. तोडीला नवराबायकोची जोडी जाते आणि त्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत नाव फक्त नवऱ्याचं. ती कामगार होती हे तिनेच कोर्टात उभं राहून सांगायचं होतं. दोन तारखा ती आली नाही, पत्रांना उत्तर नाही. तिसरी तारीख उद्याची. उद्याही ती आली नाही तर अर्ज निकालात निघणार होता. त्यात दिवाळी होऊन गेलेली. तोडीच्या गाड्या गावोगाव भरून निघायचे दिवस. तीही त्यात बसून गेली असेल, या धास्तीने मला गाडीत डोळा लागला नव्हता.

कोर्टात उद्याची तारीख पक्की करून घेतली आणि धुळ्याची एस.टी. धरली. खिडकीबाहेर कपाशी फुटलेली होती. एरवी मी त्यावर अर्धं पान लिहिलं असतं. धुळ्याच्या स्टँडसमोर शेवभाजी मागवली. तर्रीने जीभ भाजली आणि भाकरी तशीच टाकून उठले, कारण साक्रीची गाडी लागली होती.

साक्रीहून पुढे जाणाऱ्या गाडीत शेजारी एक पागोटेवाले आबा होते. गावाचं नाव ऐकून म्हणाले, “तुमले कोणले भेटनं शे? बठ्ठा गाव खाली व्हई गया.” (सगळं गाव रिकामं झालं.)

“कधी?”

“परवा. तीन ट्रका उन्यात.” (तीन ट्रक आले.)

उतरून परत फिरावं असं वाटलं, पण परतीची गाडी सकाळशिवाय नव्हती. म्हणजे शहाणपणाने नव्हे, वेळापत्रकामुळे मी पुढे गेले.

गावात निम्म्या दारांना काट्या लावलेल्या. शेवटच्या घरापुढे एक बाई डाव्या हाताने उडीद झोडपत बसली होती. उजवा हात पदरात. मी जवळजवळ धावलेच.

“या ताई, बठा. पानी पी ल्या,” विमलबाई म्हणाली.

पत्रं मिळाली होती, वाचणारं कोणी नव्हतं. नवरा तोडीला गेला होता. “तुम्ही राहिलात ते फार बरं झालं,” मी म्हणाले.

“मी कशी जाऊ? या हातघाई आते मोळी नही बांधाये.” (या हाताने आता मोळी बांधता येत नाही.)

मला इतकं हायसं वाटलं की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. तिने केलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा मी पोटभर जेवले.

पहाटेची गाडी पारोळ्याच्या अलीकडे पंक्चर झाली. मी रस्त्यावर येरझारा घालत होते आणि विमलबाई लिंबाखाली शांत बसून मला म्हणत होती, “बठा ना ताई. गाडी काय तुमनं चालनं पाहीसन चालाव शे का?” (तुमचं चालणं पाहून का गाडी चालणार आहे?)

कोर्टात पोचलो तेव्हा पुकारा होतच होता. तिने सगळं नीट सांगितलं. नवरा तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपाशी न्यायची. मग ठेकेदाराचे वकील उठले.

“नवरा या वर्षी तोडीला गेलाय ना?”

“हा.”

“म्हणजे तुमच्यावाचून त्याचं काम चाललंय. तुम्ही असलात काय, नसलात काय.”

“येकला माणूसले मुकादम गाडीमा बठू देस नही, साहेब.” (एकट्या माणसाला मुकादम गाडीत बसू देत नाही.)

“मग तो गेला कसा?”

“मनी संगीले लई ग्यात. मना जागावर. तेरावं चालू शे तिले.” (माझ्या संगीला घेऊन गेले, माझ्या जागी. तेरावं वर्ष चालू आहे तिला.)

ते वकील खाली बसले. न्यायाधीश साहेबांनी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. तिची जागा रिकामी ठेवता येत नव्हती, याहून मोठा पुरावा मला आणता आला नसता. अर्जदार कामगार होती असं धरून काम पुढे चालवायचं ठरलं. आणि मी हसले. खरं सांगते, आधी हसले, संगी म्हणजे तिची मुलगी हे मागाहून डोक्यात शिरलं.

बाहेर आल्यावर विमलबाईने विचारलं, “बरोबर सांगं ना मी, ताई?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? स्टँडवर तिला धुळ्याच्या गाडीत बसवलं. तिने संगीसाठी घेतलेली केळी मला देऊन टाकली. संगी घरी नाही, हे तिला विकत घेताना आठवलं नव्हतं.

पुण्यात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दुसऱ्याच दिवशी मी नवा अर्ज लिहिला, तेरावं चालू असलेल्या मुलीला तोडीवरून सोडवून आणा म्हणून, आणि अंगठ्यासाठी विमलबाईकडे पाठवला. पाकिटावर या वेळी गावच्या शाळेच्या गुरुजींचा पत्ता घातला, तिला वाचून दाखवा म्हणून. संगी परत आली तर कोयता मोडतो आणि नवराही कामावाचून घरी येतो. हे मी लिहिलं नव्हतं, पण तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तीन आठवडे झाले. रोज टपाल आलं की मी उठून बघते. अर्ज अजून परत आलेला नाही.