बॅटरी बसली नव्हती

"बॅटरी बसली, पॅक बदला. जॉबकार्डावर एवढंच लिही आणि गाडी पुढं ढकल," वर्क्स मॅनेजर म्हणाले.

"साहेब, अजून उघडून बघितली नाही."

"मालक स्वतः म्हणतोय बसली म्हणून. तुला काय त्रास आहे?"

त्रास त्या शब्दापासूनच होता. 'बसली' हा शब्द आपल्या शहरात इन्व्हर्टरनं रुजवला. जिन्याखाली काळी बॅटरी असते. तिच्यात पाणी टाकायचं, ती फुल करायची आणि काही वर्षांनी ती बसते. हायब्रिड गाडीकडंही लोक त्याच नजरेनं बघतात. मागच्या सीटखालच्या पॅकमध्ये पाणी कुठून टाकायचं, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. त्यात पाणी टाकायचं नसतं. ही गाडी प्लगला लावायचीही नसते. इंजिन आणि ब्रेक यांच्यातूनच ती चार्ज होते. एवढं साधं वाक्य गाडी विकताना कुणी सांगत नाही. सांगायला पैसे पडतात की काय, कोण जाणे.

या गाडीचा मालक करमाडच्या बाजूला प्लॉट पाडून विकायचा. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. गावागावांत टँकर फिरत होते, आणि त्याच रस्त्यावर चुन्याच्या रेषा मारून 'निसर्गरम्य' कॉलन्या विकल्या जात होत्या. साइटवर सावलीला झाड नाही. म्हणून गिऱ्हाइकांना गाडीत बसवायचं आणि एसी चालू ठेवायचा.

मालकाच्या तक्रारी अशा. बॅटरीचा काटा कधी फुल होत नाही. मागून पंख्याचा आवाज येतो. दुपारी दोनदा डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला. आणि खरी तक्रार ही, की उभ्या गाडीत इंजिन चालू होतं आणि पेट्रोल जास्त जातं. ही शेवटची तक्रार गाडीबद्दल नव्हतीच. ती ड्रायव्हरबद्दल होती: तो पेट्रोल चोरतो, असा संशय.

ड्रायव्हर म्हणजे अन्वर चाचा, सिल्लोडचे. आधी आयुष्यभर ट्रक चालवलेले. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मालक त्यांना म्हणाला होता, "आपोआप चालू होतं म्हणे. भूत बसलंय का इंजिनात? बॅटरी गेली असेल तर ठीक. नसेल तर मी काय समजायचं ते समजेन, आणि तू उद्यापासून यायचं नाही."

चाचांनी टोपी काढून परत घातली, एवढंच.

मॅनेजरांनी मला बाजूला घेतलं. "बघ प्रज्ञा, पॅक लिहिलास तर म्हाताऱ्याची नोकरी वाचते. आपलं काम होतं. मालकाचं समाधान होतं. तू वस्तीत पाण्यासाठी पत्रकं वाटायचीस ना? मग कर की गरिबाचं भलं."

"चांगली बॅटरी भंगारात घालून?"

"तुझ्या बापाची आहे का बॅटरी?"

मी गाडी माझ्या जागेवर घेतली.

माझी जागा म्हणजे वर्कशॉपचा शेवटचा कोपरा. भोवती पिवळी साखळी, तिला 'हाय व्होल्टेज' अशी पाटी. घरातल्या विजेइतकाच जीवघेणा करंट या पॅकमध्ये असतो, म्हणून साखळीच्या आत फक्त ट्रेनिंग झालेला माणूस. आमच्याकडं तो माणूस म्हणजे मी. बाकीची पोरं जेवायला एकत्र बसतात. मला कुणी बोलवत नाही. "करंट लागंल बाई," म्हणून हसतात. हसण्यात दुसरं काही आहे का, ते मी विचारायचं सोडून दिलंय. माझा डबा मी साखळीच्या आतच खाते.

नियम असा, की हे काम एकट्यानं करायचं नाही. साखळीबाहेर एक माणूस लाकडी दांडा घेऊन उभा हवा. मी तिघांना विचारलं. एकाला फोन आला, एकाला भूक लागली, तिसरा नुसताच गेला. चाचा पुढं आले.

"मी उभा राहतो बेटी. करायचं काय?"

"मला शॉक बसला तर दांड्यानं मागं ओढायचं. हात लावायचा नाही."

"हात न लावता कसं वढायचं माणसाला?"

"तेच शिकायचंय, चाचा."

जाड रबरी ग्लोव्ह्ज घातले. पॅकचा प्लग काढला. आतली वीज उतरेपर्यंत थांबायचं असतं, थांबले. सीट उचलली. आधी स्कॅनर लावून आकडे घेतले होतेच. पॅक म्हणजे छोट्या छोट्या ब्लॉकची रांग. तब्येत बघायची तर सगळ्या ब्लॉकचं व्होल्टेज जवळपास सारखं आहे का, ते बघायचं. एखादा मागं पडला, तर आजारी. इथं सगळे एका रांगेत होते. बॅटरी ठणठणीत. फक्त तापमान चढलेलं.

बॅटरीला गार ठेवायला पंखा असतो. तो गाडीतलीच हवा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून ओढतो. मी जाळी काढली. आतल्या फिल्टरवर चिखलाचा वाळलेला पापुद्रा होता आणि त्यात सुतळीचे धागे. उंदराचं काम म्हणावं, तर धागे लांब होते.

"हे पोत्याचे धागे आहेत, चाचा. गाडीत पोतं कुठून आलं?"

त्यांनी दांडा खाली टेकवला. "मीच टाकलं ना. दुपारी पंखा लई हाफायचा. घरी कूलरला वाळा नाय, तर आमी पोतंच लावतो, वलं करून. म्हटलं, हिलाबी थंडक व्हईल."

"पाणी कुठून आणलं साइटवर?"

"माझ्या बाटलीतलं. दुसरं कुठंय तिथं पाणी?"

प्यायचं पाणी या माणसानं गाडीला पाजलं होतं, आणि त्यानंच तिचा श्वास कोंडला होता. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते ठरेना.

"हे लिवशील का?" त्यांनी विचारलं.

"जाळी बंद होती, साफ केली, असं लिहीन. ते खरंच आहे."

संध्याकाळी मालक आला. मी म्हटलं, "साहेब, पॅक चांगला आहे. तुमच्या इंजिनातलं भूत दाखवते." मॅनेजरांनी डोळे वटारले. मी मालकाला ड्रायव्हर सीटवर बसवलं, गाडी सुरू करायला लावली, एसी फुल केला. "आता हात मांडीवर ठेवा. चाचा बाहेर उभे आहेत, दिसतात ना? बॅटरीचा काटा बघा."

काटा हळूहळू खाली उतरत गेला. मग इंजिन घुरघुरलं आणि चालू झालं.

मालकानं स्वतःचे पाय बघितले. "मी काही केलं नाही."

"चाचांनीही केलं नव्हतं. उभ्या गाडीत एसी बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजिन तिला भरतं आणि बंद होतं. पेट्रोल एसीनं प्यायलं, तुमची गिऱ्हाइकं गार बसवायला."

"मग फुल का होत नाही?"

"मुद्दाम. पार भरली किंवा पार रिकामी झाली की बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून गाडी तिला मधेच ठेवते. शिवाय ब्रेक मारल्यावर तयार होणारी वीज साठवायला जागा नको का?"

तो बाहेर येऊन म्हणाला, "चाचा, गैरसमज झाला." मला वाटलं, आपण जिंकलो. पण त्यानं पुढं विचारलं, "मग दिवा कशानं लागला?"

मी तोंड उघडायच्या आत चाचांनी सगळं सांगितलं. पोतं, पाणी, कूलर. माणूस नुकताच चोरीच्या आळातून सुटला होता; आता काही लपवायची त्याची तयारी नव्हती.

मालक त्यांच्याकडं बघत राहिला. "गाडीच्या बॅटरीवर पाणी?" नंतर फार शांतपणे म्हणाला, "चाचा, तुम्ही इमानदार आहात. पण अशी गाडी तुमच्या हातात नको आता. किल्ली द्या."

चाचांनी किल्ली दिली. जाताना साखळीपाशी आले, माझा दांडा भिंतीला नीट लावून ठेवला. "तू खरं लिवलं, मी खरं बोललो. तू जेवून घे बेटी," म्हणाले आणि फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभे राहिले.

मॅनेजर एवढंच म्हणाले, "पॅक लिहिला असतास तर म्हातारा आज गाडी चालवत घरी गेला असता." ते खोटं नव्हतं. मी आजही तेच लिहीन, पण ते खोटं नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी जॉबकार्डापुरतंच बोलले, आणि साखळीबाहेर उभं राहायला कुणी मिळेना.

पुढच्या सर्व्हिसला ती गाडी आली, तेव्हा नवा ड्रायव्हर होता. जाळीवर त्यानं गिऱ्हाइकांना वाटायच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवला होता. फिल्टर पुन्हा कोंडलेला. मालकाला कळवलं. तो म्हणाला, "ठीक आहे, साफ करा."

हायब्रिड घेतली असेल, तर मागच्या सीटशेजारची जाळी मोकळी ठेवा. काटा मधेच फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे. आणि उभ्या गाडीत इंजिन चालू झालं, तर आधी एसी बंद करून बघा. माणूस मग काढा.